लेकीचा उजवा डोळा आणि लिम्फॅटिक मालफॉर्मेशनचे उपचार

माझ्या लेकीच्या उजव्या डोळ्यामागे, खोबणीच्या आत, लसिकावाहिन्यांचा, म्हणजे लसिका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचा, एक गुंता जन्मापासून आहे. डॉक्टर त्याला लिम्फॅटिक मालफॉर्मेशन म्हणतात, जुन्या रिपोर्टांत लिम्फॅन्जिओमा असंही लिहिलेलं सापडतं. तो कॅन्सर नाही. अंगात दुसरीकडे पसरत नाही. पण मुळासकट काढूनही टाकता येत नाही, आणि हे शेवटचं वाक्य पचायला आम्हा घरच्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. मी डॉक्टर नाही, कराडजवळच्या एका शाळेत शिकवते. लेकीचे उपचार सुरू झाले तेव्हा मराठीत याबद्दल सलग वाचायला मला काही सापडलं नव्हतं, म्हणून आम्ही काय विचारलं, डॉक्टरांनी काय समजावलं आणि काय काय केलं ते लिहिते आहे.

ती एप्रिल २०२० ची, लॉकडाऊनमधली. उजवी पापणी जन्मतःच किंचित जड आणि निळसर होती. दवाखान्यात तेव्हा कुणी विनाकारण थांबत नव्हतं, "बघू, मोठी होईल तशी सुधारेल" म्हणून आम्हाला घरी पाठवलं. पुढे दर सर्दीला ती पापणी सुजायची आणि सर्दी गेली की उतरायची. यामागचं कारण आम्हाला खूप नंतर कळलं. सर्दी-खोकल्यात शरीरातल्या सगळ्याच लसिकाग्रंथी कामाला लागतात, तशी ही चुकीच्या जागी वाढलेली लसिकेची ऊतीही फुगते. घरात मात्र "हिला सर्दी झाली की डोळा सुजतो" हे तिच्या कुरळ्या केसांइतकंच सवयीचं झालं होतं.

जुलै २०२४ मध्ये तिला ताप आला, नाक गळायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा डोळा पुढे आलेला दिसला. सुजलेला नव्हे, पुढे आलेला. पापणी जांभळी पडली होती, डोळा वर फिरत नव्हता, आणि पाणी प्यायलं तरी ती उलटी करत होती. कराडच्या डॉक्टरांनी टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुल्या बघितल्या, ताप मोजला, नाकाच्या बाजूला दाबून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आई, घाबरवत नाही, पण लपवतही नाही. लहान मुलाचा डोळा असा झपाट्यानं पुढे आला की दोन गोष्टी आधी नाकाराव्या लागतात. एक खोबणीतला जंतुसंसर्ग, आणि दुसरा रॅब्डोमायोसार्कोमा नावाचा कॅन्सर. आजच पुण्याला निघा." चिठ्ठीत त्यांनी जन्मापासूनच्या निळसर पापणीचा उल्लेख मुद्दाम केला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी तीच ओळ आधी वाचली. जन्मापासून आहे आणि सर्दीत फुगतं, या दोन गोष्टींनी निदानाची दिशा ठरली.

एमआरआय भूल देऊन झाला, कारण चार वर्षांचं मूल त्या नळीत इतका वेळ निश्चल पडून राहूच शकत नाही. रिपोर्ट समजावताना पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी संगणकावर एक चित्र थांबवलं. डोळ्याच्या मागे गोल पोकळ्या होत्या आणि एका मोठ्या पोकळीत अगदी पट्टीनं आखल्यासारखी आडवी रेघ होती. रेघेच्या खाली गडद, वर फिकं. तो जुना रक्तस्राव होता. आत रक्त उतरलं, जड भाग तळाशी बसला आणि पातळ भाग वर राहिला. अशा रेघा हे या आजाराचं ठळक चिन्ह मानतात. आत साकळलेलं रक्त तपकिरी होतं, म्हणून डॉक्टर अशा पोकळीला चॉकलेट सिस्टच म्हणतात. तिचा डोळा एका रात्रीत पुढे आला तो यामुळेच. गुंता वाढला नव्हता, त्याच्या आत रक्त साचलं होतं. खोबणीला चारी बाजूंनी हाड असतं, तिथे थोडंसं रक्तही डोळ्याला पुढे ढकलतं आणि मागच्या दृष्टीच्या नसेवर दाब आणतं.

बाकीचा गुंता दोन प्रकारचा होता. पुढच्या बाजूला मोजक्या मोठ्या पोकळ्या, आणि मागे, जिथे डोळ्याची नस खोबणीतून मेंदूकडे जाते तिथे, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या बारीक पोकळ्या. मोठ्या पोकळीत सुई जाते, बारकीत जात नाही. पुढचे सगळे निर्णय या एका फरकावर झाले. मेंदूचंही चित्र त्याच वेळी काढलं, कारण अशा काही मुलांच्या मेंदूतल्या शिरांमध्येही वेगळेपण असतं. तिचा मेंदू व्यवस्थित निघाला.

सासूबाई पुण्याला आमच्याबरोबर होत्या. संध्याकाळी रुग्णालयाच्या बाकड्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पोटुशी होतीस तेव्हा ग्रहणात काही चिरलं-कापलं होतंस का गं?" २६ डिसेंबर २०१९ ला सूर्यग्रहण होतं. मी त्या सकाळी शाळेच्या मैदानात होते, पाचवा महिना, आणि चौथीच्या मुलांना एकेक करून ग्रहणाच्या चष्म्यातून सूर्य दाखवत होते. सासूबाईंना हे माहीत होतं. त्या रागानं बोलल्या नव्हत्या, नातीच्या काळजीनं बोलल्या होत्या, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यादेखतच मी मॅडमना विचारलं की हे कशानं झालं. मॅडम खुर्ची ओढून सासूबाईंसमोर बसल्या. "आजी, बाळ पोटात घडत असताना एका पेशीत पीआयके३सीए नावाच्या जनुकात बदल होतो. त्या एका पेशीपासून जेवढ्या लसिकावाहिन्या तयार होतात तेवढ्याच बिघडतात. तो बदल आईकडून येत नाही, बापाकडून येत नाही. आईनं काय खाल्लं, काय चिरलं, कुठे उभी राहिली, याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि पुढच्या बाळाला हे होईल असंही नाही." सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर गावाकडे कुणीही ग्रहणाचा विषय काढला की त्याच उत्तर द्यायला लागल्या. हे सविस्तर लिहिते, कारण अशा मुलांच्या आयांना हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांच्या तोंडून, घरातल्या मोठ्यांच्या समोर मिळणं हाही उपचाराचाच भाग आहे असं मला मनापासून वाटतं.

आता उपचार. माझ्या दिरांचा पहिला फोन आला तो "ऑपरेशन करून काढून टाका एकदाचं" असा. नातेवाइकांपैकी प्रत्येकानं हेच सुचवलं, आणि आम्हालाही तेच हवं होतं. मॅडमनी सांगितलं की या गुंत्याला कवच नसतं. तो डोळा फिरवणाऱ्या स्नायूंमधून, चरबीतून, नसेच्या भोवतीनं गेलेला असतो. सगळा काढायचा म्हटलं तर त्याबरोबर स्नायू आणि नसही जखमी होते, आणि थोडा काढला तर राहिलेला पुन्हा भरतो, पुन्हा रक्त उतरतं. म्हणून ऑपरेशन हे ठराविक कारणासाठी, ठराविक भागापुरतं करतात. काही ठिकाणी पोकळीतलं पाणी काढून तिथे फायब्रिन ग्लू नावाचा वैद्यकीय डिंक भरतात, म्हणजे मऊ पिशवी घट्ट होते आणि शस्त्रानं नेमकी काढता येते. पुढच्या भागातल्या आटोपशीर गुंत्यासाठी हे उपयोगी आहे. नसेच्या तोंडाशी असलेल्या बारीक पोकळ्यांसाठी त्यांनी साफ नाही म्हटलं.

काही मुलांना काहीच करावं लागत नाही. दृष्टी नीट आहे, नसेवर दाब नाही, डोळा फारसा पुढे नाही, तर दर काही महिन्यांनी तपासत राहणं हाच उपचार. साचलेलं रक्त अनेकदा आपोआप जिरतं. आमच्याकडे तेवढी सवड नव्हती. टॉर्चच्या तपासणीत उजवी बाहुली सुस्त होती आणि डॉक्टरांनी दाखवलेलं लाल झाकण त्या डोळ्यानं तिला "मळकं" दिसत होतं. लाल रंग फिका दिसणं हे नसेवर दाब असल्याचं लक्षण. सूज उतरावी म्हणून आधी थोडे दिवस स्टेरॉइड दिलं. दोन दिवसांत बाहुलीत फरक पडला नाही, तेव्हा स्क्लेरोथेरपी, म्हणजे सुईनं पोकळीत औषध सोडून ती मिटवणं, ठरली.

कुणीतरी प्रोप्रॅनोलॉलचं नाव सुचवलं होतं, कारण त्यांच्या पुतण्याच्या गालावरची लाल गाठ त्या औषधानं गेली होती. ते औषध हेमॅन्जिओमावर चालतं, २००८ पासून त्याचा वापर जगभर सुरू झाला. हेमॅन्जिओमा ही रक्तवाहिन्यांची वाढणारी गाठ असते, पहिल्या वर्षात फोफावते आणि पुढे आपोआप ओसरते. आमचा आजार वेगळा. ही घडणीतली चूक आहे, ती मुलाबरोबर वाढते आणि आपोआप जात नाही. दोन्ही निळसर-लाल दिसतात म्हणून गल्लत होते, आणि चुकीच्या औषधात महिने जातात.

स्क्लेरोथेरपीत सोनोग्राफीवर बघत पोकळीत सुई घालतात, आतला द्रव ओढून घेतात आणि त्याच सुईतून असं औषध सोडतात की पोकळीच्या भिंती आतून चिकटून ती मिटावी. औषधं अनेक आहेत. मद्यार्क म्हणजे इथेनॉल जहाल, डोळ्यामागे फार धोक्याचं. जपानमध्ये १९८७ पासून मानेच्या अशा गाठींसाठी वापरलं गेलेलं ओके-४३२ चांगलं काम करतं, पण त्यानं सूज जबरदस्त येते, आणि चारी बाजूंनी हाड असलेल्या जागेत सूज म्हणजे पुन्हा नसेवर दाब. डॉक्सिसायक्लिनही वापरतात. आमच्या डॉक्टरांनी ब्लिओमायसिन निवडलं, कारण त्यानं त्या मानानं सूज कमी येते. मुळात ते कॅन्सरचं औषध आहे, हे ऐकल्यावर ह्यांचा चेहरा उतरला. मॅडमनी समजावलं की इथे मात्रा थोडी, ती वजनावर ठरते आणि पोकळीतच सोडतात. तरीही त्याचा फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून आयुष्यभरात एकूण किती दिलं याची नोंद ठेवावी लागते आणि आधी छातीचा एक्स-रे काढतात.

थिएटरमध्ये दोन डॉक्टर होते, डोळ्याच्या खोबणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या मॅडम आणि सुईचं काम करणारे रेडिओलॉजिस्ट सर. औषध सोडण्याआधी सरांनी पोकळीत रंगद्रव्य सोडून एक्स-रेवर पाहिलं की ते कुठे वाहतं. पोकळीचा डोळ्यामागच्या शिरेशी संबंध असेल तर औषध मेंदूकडच्या मोठ्या शिरेत जाऊ शकतं, आणि तसं दिसलं की तिथेच थांबायचं असतं. आमच्याकडे द्रव्य जागच्या जागी राहिलं. सुईतून काळपट तपकिरी द्रव निघाला. मॅडमनी बाहेर येऊन सिरिंज दाखवली, आणि डोळा कशानं बाहेर ढकलला गेला होता ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतरची रात्र आयसीयूत गेली. सुईनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सूज वाढतेच, आणि त्या काळात नसेवर दाब आला तर तो काही तासांत ओळखावा लागतो. सिस्टर दर तासाला टॉर्च मारून बाहुली बघत होत्या. गरज पडली तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात छोटी चीर देऊन दाब मोकळा करायची तयारी बिछान्याशेजारीच ठेवली होती. तिला मात्र सगळ्यात जास्त राग आला तो खाजवू देत नाहीत याचा. ब्लिओमायसिननंतर काही आठवडे कातडीला ओरखडा गेला किंवा चिकटपट्टी ओढून काढली तर तिथे काळसर पट्टे उमटतात आणि ते लवकर जात नाहीत. त्यामुळे सलाइनसुद्धा बँडेज गुंडाळून बांधली होती. नखं कापून मी तिला पातळ सुती मोजे हातात घातले. ही सूचना प्रत्येक सिस्टरला, प्रत्येक पाळीला पुन्हा सांगावी लागते, ती मी आणि ह्यांनी आळीपाळीनं सांगितली.

डोळा हळूहळू मागे गेला. पुढे त्याच पोकळीसाठी आणि शेजारच्या एकीसाठी पुन्हा सुई लागली, एकदा देऊन भागेल असं आम्हाला कुणी कधी सांगितलंही नव्हतं.

यानंतरचा भाग सगळ्यात लांबला आणि त्याची बातमी नातेवाइकांना कधी वाटली नाही. डोळा मागे गेला म्हणजे दिसायला लागलं असं नसतं. जड पापणीनं बाहुली अर्धी झाकली होती, पापणीच्या दाबानं बुबुळाचा आकार बदलून मोठा सिलिंड्रिकल नंबर आला होता, आणि मेंदूनं उजव्या डोळ्याचं ऐकणं सोडून दिलं होतं. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांपर्यंत तो सुधारण्याची चांगली संधी असते, पुढे ती कमी होत जाते. म्हणजे चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, रोज ठरलेले तास. ब्लिओमायसिनमुळे चिकट पट्टी चालणार नव्हती. शेजारच्या शिंपीकाकांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर चढेल अशी काळ्या कापडाची खोळ शिवून दिली आणि बाजूनं डोकावता येऊ नये म्हणून तिला कड लावली.

चांगला डोळा झाकला की तिला धड दिसायचं नाही, ती रडायची, खोळ फेकायची. हे काम शेवटी सासूबाईंनी हातात घेतलं. मी शाळेत असताना त्या तिला ओसरीत बसवून तांदूळ निवडायला द्यायच्या, मोठे मणी ओवायला द्यायच्या, शेवग्याची पानं खुडायला लावायच्या. "काळा खडा सापडला की गोष्ट पुढे सांगेन," असा नियम होता. उजव्या डोळ्याची दृष्टी सुरुवातीला ६/३६ होती (म्हणजे निकोप डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते तिला ६ मीटरवरून दिसायचं), आता चष्म्यासकट ६/१२ आहे. इंजेक्शनं, भूल, मोठी यंत्रं यांच्याइतकंच हे ओसरीवरचं काम मी महत्त्वाचं मानते. कुठल्याही पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सूज उतरली म्हणून मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडची तारीख चुकवू नका.

बारीक पोकळ्या तशाच होत्या आणि प्रत्येक सर्दीत फुगत होत्या. त्यासाठी सिरोलिमस सुरू झालं. पीआयके३सीएमधल्या बदलामुळे पेशींना सतत "वाढा" असा निरोप जात राहतो, आणि हे औषध त्या निरोपाच्या वाटेतला एमटॉर नावाचा टप्पा अडवतं. मला या औषधाचा इतिहास फार भावला. १९६४-६५ मध्ये एका कॅनडियन मोहिमेनं ईस्टर बेटावरून माती आणली, त्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेन सेहगल यांनी माँट्रियलच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य वेगळं केलं. सेहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाचं दुसरं नाव रॅपामायसिन. १९९९ मध्ये अमेरिकेत ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी मंजूर झालं, आणि पुढे लिम्फॅटिक मालफॉर्मेशनच्या मुलांवर त्याचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे औषध प्रतिकारशक्ती थोडी दाबतं, त्यामुळे शिस्त मोठी. दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी, जेवणाशी एकच नातं ठेवून, म्हणजे रोज जेवणाआधी तर रोज जेवणाआधीच. रक्तातली पातळी तपासायची असते तेव्हा सकाळचा डोस रक्त दिल्यानंतर. कोलेस्टेरॉल आणि पेशींची संख्याही तपासतात. आम्हाला त्रास झाला तो तोंडातल्या छाल्यांचा, मग डोस कमी केला. न्यूमोनिया टाळण्यासाठी सेप्ट्रान हे प्रतिजैविक जोडीला असतं. ग्रेपफ्रूट बंद, आणि त्याच जातकुळीतलं म्हणून पपनसही बंद. क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची काही औषधं सिरोलिमसची रक्तातली पातळी एकदम वाढवतात, म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे साध्या खोकल्यासाठी जातानाही मी फाइल नेते. गोवर, कांजिण्या यांच्यासारख्या जिवंत लशी या काळात देत नाहीत. राहिलेले डोस केव्हा घ्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

सर्दीत डोळा आता फुगतो, पण पूर्वीच्या निम्मासुद्धा नाही. पोकळ्या एमआरआयमध्ये लहान झाल्यात, नाहीशा झालेल्या नाहीत. सिल्डेनाफिल या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाबद्दलही मी विचारलं होतं, २०१२ मध्ये त्यावर बरीच चर्चा झाली होती. नंतरच्या अनुभवात सगळ्यांना गुण आलेला नाही म्हणून मॅडमनी ते दिलं नाही. अल्पेलिसिब हे थेट पीआयके३सीएवर काम करणारं औषध अमेरिकेत २०२२ मध्ये या जनुकाच्या गंभीर आजारांसाठी मंजूर झालंय. आमच्या लेकीला सध्या त्याची गरज नाही असं त्यांचं मत आहे.

फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात आजाराचं नाव, आतापर्यंत दिलेलं एकूण ब्लिओमायसिन आणि सिरोलिमसचा डोस लिहून ठेवलाय. पुढे कधीही भूल द्यायची वेळ आली तर ब्लिओमायसिन दिलंय हे भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं, कारण अशा रुग्णाला नको इतका ऑक्सिजन फुप्फुसांना त्रासदायक ठरू शकतो. त्याच पानावर रात्री-अपरात्रीही निघायची कारणं आहेत: डोळा एकाएकी पुढे येणं, दुखून उलट्या होणं, लाल रंग मळका दिसणं, डोळा फिरेनासा होणं. शाळेतल्या तिच्या बाईंनाही याची एक प्रत दिली आहे.

ती आता पहिलीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत एमआरआय आहे. बारीक पोकळ्या शांत दिसल्या तर सिरोलिमस हळूहळू कमी करून बघायचं, काही मुलांमध्ये बंद केल्यावर त्या पुन्हा भरतात, तसं झालं तर आहे त्या डोसवर परत यायचं. पापणी वर उचलण्याच्या छोट्या ऑपरेशनचा विचार त्यानंतर करू, असं ठरलंय.